ज्या भाषणात सुलभा नव्हती

शाळेच्या मागच्या बाजूला, नळांच्या रांगेपाशी, आम्ही दोघी मधल्या सुट्टीत डबा खायचो. नागपूरची आमची कॉन्व्हेंट शाळा. मार्च महिना, आणि नळाचं पाणीसुद्धा गरम. मला वक्तृत्व स्पर्धेत बोलायचं होतं. लिहून आणलेला कागद मी सुलभाच्या हातात दिला. तिनं पोळीचा घास चावता चावता तो वाचला आणि वरचा सगळा परिच्छेद बोटांनी झाकून टाकला. म्हणाली, "शीले, इथून सुरू कर. याच्या वरचं सगळं तू घाबरली आहेस म्हणून लिहिलंयस."

मंडळी, मी आजही घाबरले आहे. आणि वरचं झाकायला आज तिची बोटं नाहीत. तेव्हा माझं बोलणं लांबलं, तर सांभाळून घ्या.

मी शीला. सुलभाची शाळेतली मैत्रीण. तिच्या घरी देवघर, माझ्या घरी क्रूस, आणि दोघींच्या घरी दुपारचा चहा एकाच वेळी. लग्नानंतर दोघी दिल्लीला आलो, त्या इथल्याच झालो. आज एवढ्या धुक्यात तुम्ही सगळे या हॉलमध्ये आलात. फरीदाबादहून आलात, गुरुग्रामहून आलात, करोल बागेतल्या एवढ्या-एवढ्याशा खोल्यांमधून अभ्यास सोडून आलात. तिला हे आवडलं असतं. अभ्यास सोडून आलेल्यांना मात्र ती रागावली असती.

समोर तिचा फोटो आहे. त्यात ती छान हसते आहे. फोटोवाल्यानं चष्मा काढायला लावला होता आणि तिला समोरचं काही दिसत नव्हतं, म्हणून हसते आहे.

तिच्याबद्दल चांगलं बोलायचं ते आधीच्या वक्त्यांनी बोलून झालं. या हॉलच्या वरच्या खोलीत रविवारी ती निबंधाचा वर्ग घ्यायची. गडचिरोलीहून, सटाण्याहून, लातूरहून यूपीएससीसाठी आलेली मुलं. त्यातली काही आज अधिकारी होऊन इथं बसली आहेत. त्यांनी तिचे उपकार सांगितले. ते सगळं खरं आहे. मी ते पुन्हा सांगत नाही.

मी दुसऱ्याच गोष्टीबद्दल बोलणार आहे. ते बोलणं अवघड आहे. पण न बोलणं मला त्याहून अवघड वाटतं.

ती गेल्यापासून एक वाक्य आपल्यात फिरतं आहे. जिन्यात फिरतं आहे, फोनवर फिरतं आहे, तेराव्याच्या पंगतीतही फिरलं. "नातीनं आजोबांविरुद्ध निबंध लिहिला, त्याचा धसका घेऊन सुलभाताई गेल्या." माझ्या कानावर ते वेगवेगळ्या तोंडांतून आलं, आणि दर वेळी तो निबंध आणखी थोडा वाईट झालेला होता.

ती नात, सानिका, इथंच बसली आहे. त्या खांबाशेजारी. बारावीत आहे. मंडळी, वळून बघू नका. ऐका फक्त.

त्या दिवशी मी तिथं होते. निबंध मी ऐकला आहे. तुमच्यापैकी कुणी ऐकलेला नाही. म्हणून त्या दिवशी काय झालं ते मी सांगते.

सानिकाच्या शाळेत एक निबंध दिला होता. रेटॉरिकल अॅनालिसिस म्हणतात त्याला. एखादं भाषण घ्यायचं आणि ते उलगडायचं. वक्ता काय म्हणाला हे सांगायचं नाही. ऐकणाऱ्याला त्यानं आपल्या बाजूला कसं ओढलं, काय बोलला, काय गाळलं, ते दाखवायचं. वर्गातल्या मुलांनी मोठमोठ्या नेत्यांची भाषणं घेतली. सानिकानं आजीचं घेतलं.

कोणतं? तुम्हाला आठवत असेल. नाना गेले, सुलभाचे यजमान, तेव्हा याच हॉलमध्ये शोकसभा झाली होती. आपल्या मंडळाच्या रिवाजाप्रमाणे घरच्या माणसानं शेवटी बोलायचं असतं. सुलभा बोलली. नानांनी सरकारी क्वार्टरचं दार कसं सगळ्यांना उघडं ठेवलं, दिल्लीत नवीन आलेला मराठी मुलगा स्टेशनवरून थेट त्यांच्याकडे कसा यायचा, जानेवारीत काला अंबला, पानिपतच्या स्मारकाला, जाणारी बस नाना कशी भरायचे, आणि पानिपतच्या त्या थंडीत सगळ्यांना गरम खायला कसं मिळायचं. "आमचं घर कधी रिकामं नव्हतं," असं ती पुन्हा पुन्हा म्हणाली. आणि ती थांबली तेव्हा आपण टाळ्या वाजवल्या.

शोकसभेत टाळ्या! आठवतंय ना? कुणीतरी सुरुवात केली आणि सगळा हॉल वाजला. मग एकदम लक्षात आलं, आणि सगळ्यांनी हात मांडीखाली लपवले. मीसुद्धा.

त्या भाषणाचं रेकॉर्डिंग सानिकाच्या फोनमध्ये आहे. टाळ्यांसकट.

तर तो शनिवार. सानिका गुरुग्रामहून मेट्रोनं फरीदाबादला आजीकडे आली होती, निबंधाचा कागद छापून. पडद्यावरचं सुलभाला तपासता येत नसे. "पडद्यावर खोडलं की खोडल्यासारखं वाटत नाही," म्हणायची. मी मटार सोलत बसले होते. निबंधाचा मधला भाग चांगला झाला होता, असं सुलभाच म्हणाली. अडलं होतं प्रस्तावनेवर. वरच्या खोलीत शिकलेल्यांना हे सांगायला नको. प्रस्तावना आली की ही बाई अडून बसायची.

पहिली प्रस्तावना सानिकानं वाचली. निबंध इंग्रजीत आहे, मी मराठीत सांगते. "अनादी काळापासून शब्दांनी मानवजातीला प्रेरणा दिली आहे."

"अनादी काळापासून?" सुलभा म्हणाली. "तू होतीस तिथं?"

"आजी!"

"गाळ ते. हे वाक्य कुणाच्याही निबंधाला चालेल. म्हणजे ते तुझं नाही."

सानिकानं दुसरी वाचली. वक्त्यानं भावनेचा वापर केला आहे, पुनरुक्ती केली आहे, प्रसंग सांगितले आहेत, वगैरे.

"ही वाण्याची यादी झाली," सुलभा म्हणाली. "साखर आहे, रवा आहे, तूप आहे. बरं मग? शिरा कुठाय? ती बाई करते काय त्या भाषणात?"

मी विचारलं, "कोण बाई?"

"भाषण करणारी," ती म्हणाली. अगदी सरळ चेहऱ्यानं. आम्ही तिघी हसलो.

पोरगी पाय आपटत आत गेली. बराच वेळ टकटक ऐकू येत होती. बाहेर आली ती लॅपटॉप हातात घेऊन, आणि उभ्यानंच तिनं तिसरी प्रस्तावना वाचली. तिचं पहिलं वाक्य मी तुम्हाला सांगते. त्याच्याबद्दल इतकं बोललं गेलं आहे, तर ते एकदा नीट ऐका.

"माझ्या आजोबांच्या शोकसभेत आजीनं केलेलं भाषण इतकं परिणामकारक ठरलं, कारण त्यात आजी कुठेच नव्हती."

बस. एवढंच. यात नानांविरुद्ध काय आहे, ते मला कुणीतरी दाखवा.

पुढच्या ओळींत तिनं प्रश्न विचारले होते. बसमधल्या सगळ्यांना गरम खायला मिळायचं, तर ते करायचं कोण? घर कधी रिकामं नव्हतं, तर आजी बसायची कुठं? मंडळी, मला माहीत आहे ती कुठं बसायची. ती बसत नसे. गॅलरीत कपडे धुण्याच्या मशीनवर वह्या ठेवून उभ्यानं तपासायची. घरच्या हॉलमध्ये मुलं झोपलेली असायची ना. तिला कॉलेजात लेक्चररची जागा मिळत होती. ती तिनं घेतली नाही. का, ते कुणी विचारलं नाही, आणि तिनं सांगितलं नाही. नानांनी नको म्हटलं असं मी म्हणत नाही. नाना चांगला माणूस होता. माझ्या आजारपणात रोज बसनं येऊन चौकशी करणारा माणूस होता. पण चांगल्या माणसाच्या घरातसुद्धा कुणीतरी उभंच राहतं. हे त्या भाषणात नव्हतं. पोरीनं ते बरोबर ओळखलं.

सुलभानं ते वाक्य पुन्हा वाचायला सांगितलं. सानिकानं वाचलं. मग सुलभानं ते आपल्या हातानं छापील कागदाच्या वर लिहून घेतलं, त्याच्याकडे बघत बसली, आणि त्याच्यावर एक रेघ मारली.

"दारातच ताट वाढतेस का?" ती म्हणाली. "पाहुणा आला की आधी आत घ्यावं, पाणी द्यावं, बस म्हणावं. आधी तो हॉल दाखव. माणसं दाखव. टाळ्या दाखव. मग वाचणाऱ्यालाच विचारू दे, की अरे, ही बाई कुठं गेली?"

"म्हणजे हे खोटं आहे?"

"खोटं म्हटलं का मी?"

"आजी, तू ना, बात घुमवतेस. नेहमी. सरळ सांग." सानिकाचा आवाज चढला होता. "हे तू टीचर म्हणून खोडलंस की बायको म्हणून?"

माझा हात मटारात थांबला. खाली भाजीवाला ओरडत होता.

सुलभा म्हणाली, "आधी निबंध पुरा कर. मग सांगते."

"बिल्कुल नाही सांगणार तू. मला माहितीये." पोरीनं बॅग उचलली. दार आपटलं नाही, सांगते. हळूच लावलं. ते जास्त लागलं.

हे भांडण. एवढंच भांडण.

पोरगी निघून गेल्यावर आम्ही दोघीच उरलो. मग सुलभानं मला विचारलं, "शीले, खरंच मी नव्हते का गं त्यात?"

मी म्हटलं, "नव्हतीस. मी समोर बसले होते. तुला शोधत होते."

तिनं मटाराची टरफलं एका बाजूला केली. मग म्हणाली, "मग भाषण जमलं होतं म्हणायचं." आणि हसली. आणि हसता हसता चष्मा काढून पुसायला लागली, आणि खूप वेळ पुसत राहिली.

मंडळी, मी त्या पुसण्याचा अर्थ लावत बसले आहे. तेव्हापासून. तिला दुखलं होतं? हो, दुखलं असणार. तिला अभिमान वाटला होता? तोही वाटला असणार. ती मला म्हणाली, "मी इतकी वर्षं मुलांना शिकवते, की काय गाळलंय ते बघा. माझ्याच घरात शिकून गेली बघ पोरगी." हे तिचे शब्द आहेत. पण हे म्हणताना तिनं माझ्याकडे बघितलं नाही. तेव्हा मी यातलं काहीच ठासून सांगू शकत नाही. धसका घेतला असं तुम्ही म्हणता. आनंदानं न्हाऊन गेली असं म्हणावंसं मलाही वाटतं. दोन्ही सोपं आहे. दोन्ही खरं नाही.

त्याच आठवड्यात, बुधवारी सकाळी, ती गेली. निबंध पुरा व्हायच्या आधी. आणि त्या पोरीच्या प्रश्नाचं उत्तर तिच्याबरोबर गेलं.

आता ऐका, ती कशानं गेली. हृदयानं. डॉक्टर म्हणाले, दुखणं जुनं होतं. तिला ठाऊक होतं. आपल्याला नव्हतं. तुम्ही तिच्याबरोबर इथले जिने चढला आहात. मधेच थांबायची. काय झालं विचारलं तर म्हणायची, "काही नाही, चपलेत खडा गेला." आठवतंय? वाकून चप्पल झटकायची, श्वास घ्यायची आणि पुढं निघायची. मंडईत खडा, मेट्रोच्या जिन्यावर खडा, देवळाच्या पायरीवर खडा. एका माणसाच्या चपलेत इतके खडे कुठून येतात, असं आपल्यापैकी कुणाच्याच मनात आलं नाही. तिनं इतकं सहज म्हटलं, की आपण पुढं चालू लागलो.

तेव्हा निबंधानं ती गेली असं म्हणू नका. निदान त्या पोरीच्या कानावर पडेल असं तरी म्हणू नका. म्हणायचंच असेल, तर असं म्हणा, की ही बाई स्वतःला गाळण्यात फार तरबेज होती. आपल्याला ते सोयीचं होतं. आणि एका मुलीनं पहिल्यांदा तिकडे बोट दाखवलं.

अनिरुद्ध, बाळा, आता तुझ्याशी बोलते. सगळ्यांसमोर बोलते म्हणून रागावू नकोस. तू माझ्या मांडीवर खेळला आहेस. आई गेल्याच्या दुःखात तू सानिकाला एक वाक्य बोललास. ते मी इथं उच्चारत नाही. तुला ते माहीत आहे, तिला माहीत आहे. तू आता तिला म्हणतोस, विषय बदल, एखाद्या मोठ्या नेत्याचं भाषण घे, यूट्यूबवर पुष्कळ आहेत. आणि ते रेकॉर्डिंग फोनमधून काढून टाक म्हणतोस. मी समजू शकते. वरच्या खोलीवर तुझ्या वडिलांचं नाव आहे. लोक काय म्हणतील, ही भीती मलाही आहे. पण लोक जे म्हणायचं ते म्हणून बसले आहेत. आता उरली आहे ती फक्त तुझी मुलगी.

ती म्हणते, मी निबंध देणारच नाही. शून्य मिळालं तरी चालेल. शाळेनं मुदत सोमवारपर्यंत वाढवून दिली आहे. ती कागद उघडत नाही. काल मी तिला विचारलं, तर म्हणाली, "शीलामावशी, मी जे विचारलं त्याचं उत्तर आजीनं मरताना सोबत नेलं. आता मी कुठल्या तोंडानं लिहू?"

सानिका, मला त्याचं उत्तर देता येत नाही. आजीनं ते वाक्य टीचर म्हणून खोडलं की बायको म्हणून, हे मला माहीत नाही. मी शेजारी बसले होते तरी माहीत नाही. कदाचित तिलाही माहीत नसेल. पन्नास वर्षांत माणसाचे हे दोन हात एकमेकांत इतके गुंततात, की कुठल्या हातानं रेघ मारली ते त्यालाच कळत नाही. तू मला विचारशील, की मग शीलामावशी, तुम्ही कशाला बोलताय? मी बोलते आहे, कारण ती "पुरा कर" म्हणाली होती. "बदल" म्हणाली नव्हती. "फाडून टाक" म्हणाली नव्हती. तेवढं मी माझ्या कानांनी ऐकलं. त्यापुढचं मी तुला देऊ शकत नाही. तुझी आजी अर्धवट प्रश्न मागे ठेवून गेली, आणि तो तुला आयुष्यभर टोचणार. टोचू दे. पण त्याच्या भीतीनं लिहायचं थांबू नकोस.

आणि हो, तू आत्ता हे सगळं ऐकते आहेस आणि मनात म्हणते आहेस, की मावशीनं सुरुवातीला उगाच वेळ लावला. बरोबर आहे. मला माझीही प्रस्तावना जमली नाही.

मंडळी, आता शेवटचं. सुलभा वस्तूंबद्दल मला तोंडी सांगून गेली होती, थट्टेत, चहा पिता पिता. ते सांगून मी बसते.

शब्दकोश आणि निबंधाची सगळी पुस्तकं वरच्या खोलीला. पेन्सिलीच्या खुणा पुसायच्या नाहीत. मोठी पातेली आणि परात करोल बागेत एकत्र राहणाऱ्या आपल्या मुलांना. अट एकच, घासायची त्यांनी स्वतः. बाई ठेवायची नाही. काला अंबच्या बसपुढं उभ्या असलेल्या नानांचा फोटो अनिरुद्धला. तिच्या साड्यांतली निळी इरकल मला. बाकीच्या सुनेला, तिनं नेसल्या तर. नाही नेसल्या तर पांघरुणं शिवा म्हणाली.

सानिकाला काय, ते ती सांगून गेली नाही. म्हणून ते मी ठरवते, आणि इथं सगळ्यांसमोर ठरवते, म्हणजे उद्या कुणी नाही म्हणणार नाही. ते भाषण सानिकाचं. टाळ्यांसकट तिचं. अनिरुद्ध, ते तिनं पुसायचं नाही आणि तू पुसायला सांगायचं नाही. आणि ते वाक्यही तिचं. पहिल्या ओळीत ठेवायचं की शेवटी न्यायचं, ते तिनं सोमवारपर्यंत ठरवायचं. तिला कुणी विचारायचं नाही, आणि लिहून झाल्यावर आम्हाला वाचायला दे, असंही म्हणायचं नाही.

आता उभे राहू या. टाळ्या नकोत. जरा वेळ गप्प राहू या. या शांततेत नानांच्या घरातली नको, वर्गातली नको, नुसती सुलभा आठवून बघा. आठवत नसेल, तर तेवढं तरी स्वतःशी कबूल करा.